पेट्रोल कुठे जातंय?

गाडी अचानक दीडपट पेट्रोल पिऊ लागली, म्हणून काका गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने प्लग, फिल्टर, टायरची हवा सगळं तपासलं. शेवटी स्वतः एक चक्कर मारून आला.

"क्लच प्लेट पार जळलीय, काका. कोणीतरी नवखं माणूस गाडी शिकतंय."

नवी प्लेट बसवून काका घरी आले.

"दुपारी मी झोपलो की गाडी तू नेतेस?"

काकू ओशाळल्या. "तुम्ही लपवलंत, पण डॉक्टरांनी मला सांगितलंय. वर्षभरात तुमची नजर जाणार. मग आपल्याला कोण नेणार-आणणार?"

काकांनी गाडीची किल्ली काकूंच्या हातात ठेवली.

"उद्यापासून मलाही उठवत जा," ते म्हणाले. "दिसतंय तोवर शेजारी बसून शिकवतो."