उदासीचे सतरा गुण

"झोप?" डॉक्टर ब्रुक्सनी विचारलं. शेजारी बसलेल्या प्रणिताने ते मराठीत केलं.

"लागते की," राधाकाकू म्हणाल्या.

"भूक?"

"उत्तम."

"उदास वाटतं?"

"छे! सगळ्यांना वाटतं तेवढंच."

अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या त्या संशोधन केंद्रात आयाहुआस्का तपासत होते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या वेलीचा काढा. गोळ्यांना न जुमानणारं नैराश्य त्याने हटतं का, मेंदूत तो काय उलथापालथ करतो, हा अभ्यास. एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी उदासीचे किमान सतरा गुण लागत. राधाकाकू अशा, की गावी वादळात घराचे पत्रे उडाले तेव्हा वर बघून म्हणाल्या होत्या, "चला, उजेड तरी आला!" गुण पडले चार.

दहा महिने काकूंनी कोलंबसजवळच्याच डब्लिन उपनगरातल्या घरी आपल्या खोलीचा पडदा सरकवलेला नाही, हे त्यांच्या मुलाने, ईशानने, प्रणिताला बाहेर सांगितलं होतं. पण दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, हा नियम. तिने जीभ अशी चावून धरली की टाके घालायचेच काय ते बाकी राहिले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चांगली बातमी आहे. तुम्ही ठीक आहात. या अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही."

काकू उठल्या. पर्स घेतली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"म्हणजे मी परत त्याच खोलीत जायचं?"

काकू परत येऊन बसल्या, त्या अशा की खुर्चीला मुळं फुटावीत.

"प्रणिता, विचार त्यांना, कागदावर सही केलीय का?"

"नाही म्हणतात, काकू."

"मग पहिल्यापासून विचारा म्हणावं."

डॉक्टर गोंधळल्या. "मघाशी असं का नाही सांगितलंत?"

"परक्या बाईपुढे बसल्या बसल्या रडगाणं गायचं? अगं, साधं पाणी तरी विचारलं का तिने मला?"

प्रणिताने तेही जसंच्या तसं इंग्रजीत केलं. डॉक्टर लालेलाल झाल्या, आणि स्वतः उठून पाणी घेऊन आल्या.

काकूंनी एक घोट घेतला. "हं, लिहा. झोप नाही. भूक नाही. दहा महिन्यांत वरणाला फोडणी दिलेली नाही. नातू मांडीवर येऊन बसतो, तर त्याचं वजन कळत नाही मला."

इंग्रजी करता करता प्रणिताने शेवटचं वाक्य दोनदा सुरू केलं. काकूंनी उरलेलं पाणी तिच्यापुढे सरकवलं. "घे. आणि पुढचं सांग त्यांना."

गुण झाले सव्वीस.

डॉक्टरांनी मग नियमाप्रमाणे बजावलं. काढा कडूजहर असतो. उलट्या होतात. डोळ्यांपुढे भलभलतं येतं, कुणाला साप दिसतात, कुणाला गेलेली माणसं. भीती वाटत असेल तर अजूनही नाही म्हणता येईल.

काकूंनी कागद ओढून सही केली. मराठीत, ठसठशीत.

"दिसू देत की साप," त्या म्हणाल्या. "दहा महिने नुसती भिंत बघतेय मी."