सलूनसमोरचं घर

एजंटने कुलूप काढलं आणि दार खांद्याने ढकललं. दोन खोल्या. खाली टायरचं दुकान होतं, रबराचा वास जिन्यापासूनच आई, बाबा आणि मुलीबरोबर वर आला होता. दुपारचे तीन वाजले होते, तरी एजंटने आधी दिवा लावला.

"ताई, खरं सांगतो, फॅमिलीला मी हा एरिया कधी सुचवत नाही. तुम्ही हट्ट धरलात म्हणून आणलं. सकाळी दाखवलेलं घर सोडू नका. शाळा हाकेच्या अंतरावर, समोर बाग. तसं घर पुन्हा मिळायचं नाही."

आईचं लक्ष नव्हतं. ती तडक खिडकीशी गेली. गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून तिने खिडकी उघडली. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, एक सलून होतं.

मुलीचा दादा घरातून निघून गेला त्याला तीन वर्षं झाली होती. बाबांनी हात उचलला आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला. त्यानंतर फोन आला तो एकदाच, गेल्या वर्षी, याच सलूनवाल्याच्या मोबाइलवरून. "आई, जेवलीस का?" एवढंच बोलला. बाबा ज्या कारखान्यात फिटर होते तो या शहरात हलला, तेव्हा आईने एकच सांगितलं. जायचं तर त्या सलूनच्या आसपास राहायचं.

"इथून सगळा रस्ता दिसतो," आई म्हणाली.

"पोरीच्या शाळेचं काय?" बाबांनी विचारलं.

"दोन बस," एजंट म्हणाला. "तास-सव्वा तास धरा. आणि अंधार पडल्यावर मुलीला एकटी सोडू नका."

"मी जाईन ना आणायला," आई मागे न वळता म्हणाली.

सकाळच्या घरात मुलीने आपलं टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं होतं. बारा वर्षांची होती, पण घरात कधी गप्प बसायचं हे तिला चांगलं कळत होतं.

बाबा पाण्याची बाटली आणतो म्हणून निघाले. मुलगी त्यांच्या मागोमाग उतरली. बाबा दुकानाकडे वळलेच नाहीत, रस्ता ओलांडून सलूनच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मालक कंगवे धूत होता. बाबांना पाहताच त्याने हात पुसले.

"परत आलात काका?"

"घर बघतोय. समोरच."

सलूनवाल्याने मान वर करून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती.

"अहो, मागच्या खेपेला सांगितलं ना तुम्हाला सगळं. तुम्ही फोटो दाखवून गेलात आणि आठवड्याभरात पोरगा आला केस कापायला. मी चांगल्या मनाने म्हटलं, बाबा रे, वडील येऊन गेले तुझे, शोधतायत तुला. अर्ध्या कटिंगमधून उठला. त्याच दिवशी खोली सोडली. बरोबर राहणाऱ्या पोरांनाही पत्ता दिला नाही." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "आता तो या बाजूला फिरकायचा नाही काका."

"माहीत आहे."

"मग इथे कशाला घर घेताय?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. "हिला कुठल्या तोंडाने सांगू?"

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. परत रस्ता ओलांडताना बाबांनी तिचा हात धरला. गेल्या कित्येक वर्षांत धरला नव्हता.

"आईला यातलं काहीच माहीत नाही?" तिने विचारलं.

"तू बोलू नकोस. कळलं तर ती पुन्हा अंथरूण धरेल."

"मग मी रोज दोन बस बदलून..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. बाबांनी तिचा हात सोडला नाही.

वर गेल्यावर आईने पाणी मागितलं. दोघांच्याही हातात बाटली नव्हती.

"दुकान बंद होतं," मुलगी म्हणाली.

"बरं, तुला आवडलं का गं घर? खरं सांग."

बाबा खाली मान घालून उभे होते. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"हो. उजेड चांगला आहे."

आईचा चेहरा सैल झाला. तीन वर्षांत मुलीने तो असा पाहिला नव्हता.

"मग नक्की समजू ना?" एजंटने विचारलं.

"थांबा जरा." आई दाराजवळच्या भिंतीपाशी गेली. "त्याची खाट इथे बसते का बघू. उशिरा आला तरी कुणाला ओलांडून आत जायला नको. अहो, इथे आडवे व्हा बघू."

बाबांनी एजंटकडे पाहिलं. एजंटने नजर मोबाइलमध्ये घातली. बाबा चपला काढून उघड्या फरशीवर आडवे झाले. फरशीवर धूळ होती.

"पाय लांब करा. हात अंगाशी घ्या."

आई त्यांच्या पायांशी उकिडवी बसली. टाचेपासून उंबऱ्यापर्यंत तिने वीत घालून पाहिली.

"अजून थोडे वर सरका," ती म्हणाली. "तो तुमच्यापेक्षा उंच झाला असेल आता."

बाबांनी डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकेपर्यंत ते मागे सरकत राहिले.