कै. पिराजी स्मृती चषक

चांगला खेळाडू कधी मरत नाही, अशी पेठेची श्रद्धा आहे. फक्त वर्षातून एकदा त्याच्या फोटोची काच पुसावी लागते.

फायनलच्या सकाळी हे काम तालमीच्या फुटबॉल संघातल्या आठ नंबरवाल्याकडे असे. दोन हजार तीन साली आठ नंबर अमरेशच्या अंगात होता. वय एकवीस. मैदानाच्या मध्यात खेळायचा, आणि मध्यात तो असला की बाकीचे दहा जण बरे खेळाडू वाटायचे. खिशात गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबचं पत्र होतं. परवा या, आमचे डॉक्टर गुडघे तपासतील, मग करार. डाव्या गुडघ्याला सेमीफायनलपासून सूज होती. ती त्याने ट्रॅकपँटच्या आत ठेवली होती.

तालमीत उदबत्तीचा धूर दाटला होता. लाल मातीच्या आखाड्यापलीकडे भिंतीवर फोटो होता. दाट केस, जाड मिशा, छातीवर आठ, आणि खाली 'कै. पिराजी'. अमरेश स्टुलावर चढला. काच पुसली. फोटोतले डोळे त्याच्याकडे न बघता त्याच्या पाठीमागे बघत होते. त्याने झेंडूचा हार चढवला.

"वाईच वर घे की," मागून कुणीतरी म्हणालं. "तोंड झाकतंय माजं."

अमरेशने मान वळवली. दारात खाकी कपड्यातला, काठी टेकलेला माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, मिशी पांढरी, पोट सुटलेलं. डोळे मात्र फोटोच्या काचेतलेच.

अमरेशच्या पायाखाली स्टूल करकरलं.

"भिऊ नको रं," तालमीचे अध्यक्ष बाळासो नारळ घेऊन आत आले. "पिराजीच हाय. बिद्रीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतोय. दर फायनलला येतोय."

"पण ह्यांचा तर..."

"व्हय, हार असतोय. त्र्याण्णवला गुडग्याच्या ऑपरेशनला मुंबईला न्हेलता. तिकडनं फोन आला, टेबलावरच गेला. गेलता शेजारच्या कॉटवरचा. आम्हाला काय म्हाईत? शोकसभा घेतली, स्पर्धा लावली, चषक ओतला. पाच म्हैन्यांनी ह्यो कुबड्या घिऊन दारात! आनंद झालाच की. पण नाव कोरून झालतं."

"मी म्हणलं, ते 'कै.' तेवढं खोडा," पिराजी शांतपणे म्हणाला. "तर म्हणाले, परत खेळणार हाईस का? म्हणलं, न्हाय. मग ऱ्हाऊ दे म्हणाले."

"आन् ऱ्हायलं बी," बाळासो म्हणाले. "दहा वर्षं झाली. एक तक्रार न्हाय."

"फायनलचं तिकीट काढाय लावतात, तेवढंच."

बाळासोंनी भिंतीकडे बघितलं, मग पिराजीच्या मनगटाकडे. "किती वाजलं?"

"साडेआठ."

"अमऱ्या, ऐक. तुझा गुडगा दिसतोय मला, मी आंधळा न्हवं. दोनला डॉक्टर येतोय. एक सुई मारली की संध्याकाळपतोर गुडगा तुझा न्हवंच. बिनघोर खेळ. गोवा काय पळून जातंय व्हय?"

अमरेशने पिराजीकडे बघितलं. पिराजी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता, तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखं.

"तेव्हा बी सुई दोनलाच मारल्याली," तो म्हणाला.

"जिंकलो की आपण ती फायनल!"

"जिंकलो की."

बाळासो नारळ फोडायला मारुतीपुढे गेले. पिराजी पुढे आला. एक पाऊल वाजायचं, दुसरं घासत यायचं. जवळ येऊन त्याने काठीच्या टोकाने फोटोवरचा हार दोन बोटं वर उचलला आणि तोंड मोकळं झालं. आता एकाच मिशीची दोन माणसं अमरेशकडे बघत होती. एक थकलेलं होतं, एक नव्हतं.

"काका," अमरेश हळूच म्हणाला, "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी मेलोय बाबा. मला काय इचारतोस?"

तेवढ्यात फोटोग्राफर आला. "टीमचा स्टेडियमवर काढच," बाळासोंनी त्याला बजावलं, "पण ह्या आठ नंबरचा एकट्याचा एक आत्ताच काढून ठेव. मोठा. पुढं लागतोय."

त्यांनी अमरेशला भिंतीला टेकवून उभं केलं, पिराजीच्या फोटोशेजारी. "हास की रं! मयताला आलाईस का?"

फ्लॅश पडला. डोळ्यांपुढची अंधारी सरेपर्यंत अमरेशने तोंड भिंतीकडे फिरवलं. अंधारी सरली तेव्हा त्याच्या डोक्याच्या जरा वर, पिराजीच्या फोटोच्या अगदी ओळीत, एक मोकळा खिळा होता.

"बाळासो, हा खिळा..."

"नारळ घे आदी," बाळासो म्हणाले.

अमरेशने खोबऱ्याचा तुकडा घेतला. आंघोळ करून येतो म्हणाला आणि लंगडत बाहेर पडला. दीडला तो एसटी स्टँडवरून सुटणाऱ्या पणजी गाडीत होता. आठ नंबर अंगातच राहिला होता.

चारला फायनल सुरू झाली. तालीम तीन-शून्यने हरली. स्टेडियमच्या दारात, पेठेतल्या झाडून सगळ्या माणसांसमोर बाळासोंनी जाहीर केलं, "आमच्या लेखी ते पोरगं आज मेलं."

शेजारी पिराजी उभा होता. त्याने टोपी काढली.

तालमीतला खिळा घड्याळाचा होता. मशीन बदलायला दिलं होतं. मंगळवारी परत लागलं.