हाताला तूप न लावता

सुनेच्या पत्राला दिगंबररावांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. "फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, म्हणून लिहितेय, बाबा," असं मृण्मयीनं लिहिलं होतं. "ओजसला दूधतूप सोसत नाही. शाळेत मुलं खाऊ वाटून खातात, तेव्हा तो बाजूला बसतो. मला ऑफिसातून यायला सात वाजतात. आई गॅस न पेटवता खजुराचे लाडू करायच्या, ते कसे करायचे सांगाल?"

ते लाडू त्यांनी चाळीस वर्षं खाल्ले होते, वळला एकही नव्हता. आपण काय डोंबल सांगणार, असं वाटून त्यांनी पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं होतं.

अखेर आज त्यांनी खजूर, भाजके दाणे आणि खोबऱ्याचा कीस एकत्र कुटून लाडू वळले. शेजारच्या कुसुमताईंनी एक तोंडात टाकला. "जमलं की हो, भाऊ! पण तळहात एवढे चकचकीत कशानं झालेत?"

दिगंबरराव चपापले. पत्नी लाडू वळताना हाताला तूप लावायची, तसंच त्यांनीही लावलं होतं.

"बघा, हे माझं काम नव्हेच," ते पुटपुटले.

"नातवानं खायच्या आधी कळलं ना? मग धुवा हात, आणि लागा परत."

दुसऱ्या खेपेचे लाडू त्यांनी नुसता पाण्याचा हात लावून वळले. मग कागद घेतला आणि कृतीच्याही आधी लिहिलं, "सवयीनं हाताला तूप लावशील, सांभाळ. मी लावलं होतं."

हे वाचून सून हसेल, या विचारानं ते टपालपेटीपाशी क्षणभर घुटमळले. हसली तर हसू दे, म्हणत त्यांनी पत्र आत सोडलं.