साठांपैकी एकही नाही

"हा दोरा काढावा लागेल, बाई," नर्स म्हणाली.

रायनाने मनगट मागे घेतलं. वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा एक मार्चला नातीने रिवाजाप्रमाणे बांधला होता. "करकोचा दिसल्याशिवाय काढत नाहीत. वरून चिकटपट्टी लावा हवी तर."

नर्स हसली. खिडकीपाशी उभा असलेला तिचा नवरा ल्युबेन हसला नाही.

प्लोव्दिवच्या याच इस्पितळात प्रोफेसर ल्युबेन करजोव्हने तीस वर्षं मणक्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. दोनशेवर शोधनिबंध त्याच्या नावावर होते. त्यातला एक जगभर गाजला. त्याचं सांगणं असं होतं: दबलेली नस आधी मोकळी करत बसायचं नाही. मणके ताणून जोडले की ती आपोआप सुटते. साठ रुग्ण, आणि एकाचाही पाय लुळा पडला नाही. त्या निबंधाचा दाखला आजवर नऊशे जणांनी दिला होता. पद्धतीला त्याचंच नाव पडलं होतं.

रायनाची कंबर दोन वर्षं दुखत होती. "अजून थोडे दिवस गोळ्या घे," म्हणत तो टाळत आला. शेवटी तिनेच परस्पर तारीख घेतली.

"रायना, जुन्या पद्धतीने करू या का?"

"का रे? माझ्याशी काय वैर आहे तुझं? जगाला नवी आणि बायकोला जुनी?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "केवढा घाम आलाय तुला! लोकांच्या बायका कापताना कधी आला नाही तो."

शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर व्यारा मिन्चेवा आत आली. गेल्याच शरदात ती वार्ना शहरातल्या इस्पितळातून इथे बदलून आली होती. "सर, तुम्ही आत याल ना? शेजारी उभे राहिलात तर बरं होईल."

"त्याला नको गं नेऊस," रायना म्हणाली. "तोच आडवा व्हायचा."

रायनाला नेलं. ल्युबेन बाकावर बसला.

साठांपैकी आठ जणांचे पाय गेले होते. असेनोव्हग्रादची शिंपीण स्टान्का त्याला अजून आठवे. शिवणयंत्राची पावडी तिला पुन्हा कधी दाबता आली नाही. त्याने ती आठ नावं यादीतून काढली आणि दुसरी आठ घातली. त्यानंतरची काही वर्षं टेलिफोन वाजला तरी तो दचकायचा.

मग त्याच पद्धतीवर वार्नाच्या डॉक्टरांचा निबंध आला. दोनशे दहा रुग्ण, आणि लुळे पडले फक्त दोन. त्या दिवशी तो पोटभर जेवला. आपण लिहिलं खोटं, पण ते खरंच निघालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. अठरा वर्षं तो त्या समजुतीवर झोपत आला. आज मात्र ती पुरेना.

तो उठला. व्यारा बेसिनपाशी हात धूत होती.

"डॉक्टर, थांबा. माझा निबंध खोटा आहे."

ती हात धूतच राहिली.

"आठ जणांचे पाय गेले होते. मी लपवले." त्याला धाप लागली. "पण वार्नाच्या निबंधावर तुमचं नाव आहे. तुमचे दोनशे दहा... ते खरे आहेत ना? तेवढं सांगा, म्हणजे मी गप्प बसतो."

व्याराने नळ बंद केला. शस्त्रक्रियागृहाचं दार ढकलून ती आत ओरडली, "रायनाबाईंना इतक्यात भूल देऊ नका! जुन्या पद्धतीची हत्यारं काढा. नस आधी मोकळी करायचीय."

ल्युबेनला कळून चुकलं. बायको वाचली होती. आपण बुडालो होतो. "बरं केलंत," तो कसाबसा म्हणाला. "आता माझी तक्रार करा. कुठे सही करायची सांगा, करतो."

व्याराच्या ओल्या हातांतून पाणी टपकत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तक्रार कोणत्या तोंडाने करू, सर? आमच्याकडे एकतीस जणांचे पाय गेले. तुमचे साठच्या साठ धडधाकट, म्हणजे चुकतोय तो आपलाच हात, असं आम्हाला वाटलं. म्हणून आम्ही आमचे आकडे तुमच्याशी जुळवून घेतले."