काळीवर वहीम

काळं मांजर चोरटंच असतं, याबद्दल सुगंधाला शंका नव्हती. पांढऱ्या मनीनं कधी पातेल्याला तोंड लावलं नव्हतं. ही काळी घरात शिरली आणि रोजचं दूध कमी पडू लागलं. "तिला आजच लांब सोडून या," तिनं नवऱ्याला बजावलं.

दुपारी चोर पकडायला ती दाराआड दबा धरून बसली. स्वयंपाकघरात काळी आली आणि तिच्यामागून सासरे. सासूबाई गेल्यापासून कुणाशी धड न बोललेले सासरे बशीत दूध ओतून मांजरीशेजारी फरशीवर बसले.

"पी गं," ते म्हणाले. "आज हिच्या हातची कढी आठवली बघ."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "कुठंय ती चोरटी? सोडून येतो."

"नको," सुगंधा म्हणाली. "उद्यापासून अर्धा लिटर दूध जास्त सांगा."