नावाड्याची अट

बुवांनी उपरणं सावरलं, मृदंगावर थाप पडली, आणि नेमक्या त्याच वेळी मितेशच्या फोनवर अटींचं पान उघडलं.

दुपारीच त्याने नवी आवृत्ती उतरवून घेतली होती, म्हणून अटी पुन्हा मान्य करायच्या होत्या. एरवी न वाचताच त्याचा अंगठा 'मान्य आहे'वर पडायचा. फोन ज्या प्रणालीवर चालतो ती बाजारात यायच्या आधी वापरून बघायची, कुठे अडखळते ते कंपनीला कळवायचं, हे त्याचं काम. डहाणूच्या खाडीकाठी घरात बसून तो ते करायचा. आज रामनवमीच्या कीर्तनात अंगठा थांबला, कारण शेजारी आय बसली होती.

आय म्हणजे त्याची आई, जयवंती. सुकी मासळी विकणारी. कीर्तन म्हटलं की वेडी. बुवांनी अभंग धरला की पाटीतले बोंबील मांजराने पळवले तरी तिला पत्ता नसायचा. पण दोन वर्षांपूर्वी कान गेले. यंत्र लावलं तर शब्द बाजूलाच, नुसता वारा घोंगावायचा. यंत्र डब्यात गेलं आणि मारुतीच्या देवळातलं कीर्तनही सुटलं. रामनवमीला सगळी आळी देवळात जायची आणि ही दारात बसून जाळी निवडायची.

नव्या प्रणालीत एक नवल होतं. माणूस बोलो की गावो, टाळ-मृदंगाच्या गलक्यातूनही ती शब्द वेगळे काढायची आणि मराठी अक्षरांत पडद्यावर मांडायची. आजवर कुठल्या ॲपला हे साधलं नव्हतं. आय चौथी शिकलेली, पोथी बोट फिरवत वाचणारी. मितेशने तिला खुणेने सांगितलं होतं, "चल, आज तुला कीर्तन वाचायला देतो." ती नवं लुगडं नेसून आली होती.

आता त्याने अटी वाचल्या. 'ही प्रणाली फक्त तुम्हीच वापराल. पडदा दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, घरच्यांनाही नाही. ती मध्येच बंद पडू शकते. महत्त्वाच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका.'

घरच्यांनाही नाही. हे वाक्य आधीही तिथेच असणार. हेच काम करणाऱ्या उंबरगावच्या एकाने पडदा दाखवला, तर त्याचं काम गेलं होतं.

"दे ना तिला," मागून बहीण क्रांती कुजबुजली. "तुझे कंपनीवाले काय मारुतीच्या पाठी लपलेत?"

"शब्द दिलाय मी."

"मग आज 'मान्य नाही' दाब."

"फोन उघडणारच नाही मग."

"वा रे शहाणा! आणि आयला काय सांगशील?"

मितेशने 'मान्य आहे' दाबलं. फोन स्वतःकडे वळवून धरला.

बंदरावर आले की बुवा नावाड्याचंच आख्यान लावायचे. आजही तेच. गंगेच्या काठावर राम उभा, पलीकडे जायचंय, आणि नावाडी अडून बसलाय. जयवंती टक लावून बघत होती. बाजारात ती गिऱ्हाइकाच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. पण बुवांच्या मिशा झुपकेदार, त्यात ते नाचत नाचत बोलणार. दोन वेळा तिने मितेशच्या फोनकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि पदराचा काठ चिमटीत धरून बसली.

मितेशला ते बघवेना. तो उठला आणि बुवांकडे चक्क पाठ करून तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"अरे, तोंड कुणीकडे करून बसलास?" एक म्हातारबा खेकसले.

त्याने फोन छातीशी धरला. पडद्यावर उमटलेली ओळ वाचायची, मग आयकडे बघून सावकाश ओठ हलवायचे, असं सुरू झालं. "नावाडी म्हणतो... देवा, माझी एक अट हाय... आधी पाय धुऊ दे... मगच नावेत घेईन." जयवंतीची मान हलली.

अभंग रंगात आला आणि अक्षरं थिजली. पडदा काळा झाला. मितेशने फोन खिशात टाकला. आता त्यालाच कान द्यावा लागत होता. बुवांची ओळ कानात घ्यायची, ओठांवर आणायची. काही शब्द निसटायचे, तेव्हा क्रांती मागून पुरवायची. बुवांनी हसवलं तेव्हा जयवंती हसली, लोकांच्या मागोमाग, पण हसली.

मग बुवांनी हात वर केले आणि गजर धरला. सगळं देऊळ गर्जलं. मितेश लहानपणापासून गजराला तोंड मिटून बसायचा. आयने चिमटे काढले, लाडूची लालूच दाखवली, तरी ते उघडलं नव्हतं. आता ती त्याच्या ओठांकडे बघत होती. पुढचा शब्द त्यानेच द्यायचा होता.

"राम," तो म्हणाला. "राम... राम... जय जय राम."

जयवंतीच्या डोळ्यांना धार लागली. ती टाळ्या वाजवू लागली, तालाच्या जरा मागे.

परतताना देवळाच्या दिव्याखाली त्याने तिला थांबवलं. आपलं तोंड तिला नीट दिसेल असं उभा राहिला.

"आय, चुकलो गं. फोन दाखवता नाय आला. तशी अटच होती. असा फोन बाजारात आला की पुढच्या रामनवमीला पहिला तुझ्या हातात देईन. सगळं आख्यान नीट वाचशील."

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. जयवंतीचं बोलणं अख्ख्या आळीने ऐकलं.

"वाचायचंय काय त्यात, बाला? नावाड्याचं आख्यान तर मला तोंडपाठ हाय. मी बसलेली, ती तुझ्या तोंडात रामाचं नाव कवा येतं ते बघायला."